पाळण्यापासून चार हात लांब

गेल्या उन्हाळ्यात माझ्या डाव्या बरगडीखाली नागीण उठली. जिला झाली असेल तिलाच त्या आगीची कल्पना. घरात जो येईल तो सल्ला देऊन जात होता. कुणी गेरू लाव म्हणे, कुणी कामठीच्या बाबाकडून उतरवून आण म्हणे. शेजारच्या काकू तर रोज सकाळी येऊन नागिणीची दोन तोंडं पाठीमागे जुळली नाहीत ना, याची खात्री करून जात. जुळली की माणूस जातो म्हणतात. मी सगळी हयात मेडिकल कॉलेजात विषाणू शिकवण्यात घालवलेली बाई. नागीण एकाच मज्जातंतूच्या वाटेनं चालते, अंगाला वेढा घालत नाही, हे मी पोरांना वर्षानुवर्षं सांगत आले. तरी काकू आल्या की मी मुकाट्यानं पाठ दाखवत होते.

त्या दिवसांत यमूताईंची फार आठवण आली. त्या आता नाहीत. असत्या तर आल्या असत्या, पदर सारून जखम नीट पाहिली असती आणि म्हणाल्या असत्या, "आली का वं जुनी पाहुणी?" त्यांच्या लेखी नागीण हा रोग नव्हताच. लहानपणी कांजण्या होऊन गेल्या की त्यांचा विषाणू अंगातून जात नाही, मज्जारज्जूजवळच्या गाठीत जाऊन झोपतो आणि म्हातारपणी शरीराचा पहारा ढिला पडला की उठून त्याच वाटेनं कातडीवर येतो. कांजण्या आणि नागीण ही एकाच बयेची दोन वयं, असं त्या म्हणत.

यमूताई म्हणजे डॉक्टर यमुना वैरागडे. मी लग्न होऊन नागपूरच्या महाल भागात आले आणि त्याच वर्षी कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले, तेव्हा त्या आमच्या विभागात लेक्चरर होत्या. माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठ्या. उंच, सावळ्या, खांद्यात किंचित वाकलेल्या, कारण दिवसाचे निम्मे तास मायक्रोस्कोपवर वाकलेल्या असत. माहेर रामटेकचं, घरी धानाची शेती. नागपुरातच सदर भागात एका जुन्या बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत एकट्या राहत. लग्न का केलं नाही हे मी त्यांना कधी विचारलं नाही, आणि नागपूरनं विचारायचं कधी सोडलं नाही.

आमच्या घरात त्या वेळी चौदा माणसं. न्हाणीघराचं दार लावलं तरी बाहेरून कुणीतरी काहीतरी विचारायचंच. त्यामुळे पहिल्यांदा सदरच्या त्या खोल्या पाहिल्या तेव्हा मला त्यांचा सरळ हेवा वाटला. एक खाट, एक टेबल, दोन खुर्च्या, आणि शांतता. "यमूताई, मला इथं आठ दिवस ठेवून घ्या," असं मी म्हटलं होतं. त्या हसल्या. "आठ दिवस चांगले जातील. नवव्या दिवशी तू भिंतीशी बोलशील." ही गंमत नव्हती हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

त्यांच्या काही सवयी होत्या आणि त्यावरून लोकांनी त्यांना पार सोवळ्यात बसवून टाकलं होतं. कुणाचं उष्टं खायच्या नाहीत, कुणाला आपलं द्यायच्या नाहीत. पाणी नेहमी वरून प्यायच्या, गडव्याला ओठ लावायच्या नाहीत. कपबशी घरून आणलेली, धुवायची आपल्या हातानं. विभागात कुणी पोर घेऊन आलं की त्याच्याशी दुरून बोलायच्या, हात हलवायच्या, पण गालाला हात लावायच्या नाहीत. एकदा त्या आमच्या घरी जेवायला आल्या. माझ्या सासूबाईंनी त्यांना वरून पाणी पिताना पाहिलं आणि त्या गेल्यावर म्हणाल्या, "काय वळण आहे बाईचं. नाहीतर तू." पुढे कुठूनतरी सासूबाईंना कळलं की ही वळणाची बाई दिवसभर कोंबडीची अंडी हाताळते. दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, जसं काही अंडी मीच घालून ठेवली होती.

अंड्यांचं खरंच होतं. विषाणू नुसत्या रसावर वाढत नाही, त्याला जिवंत पेशी लागते, आणि त्या काळात आमच्याकडे जिवंत पेशी मिळायचं स्वस्त ठिकाण म्हणजे उबवलेलं अंडं. शहराबाहेरच्या पोल्ट्री फार्मवरून एक माणूस सायकलला टोपली बांधून अंडी आणायचा. यमूताई प्रत्येक अंडं दिव्यासमोर धरून आतला जीव हलतो का ते पाहत, कवचाला बारीक भोक पाडत, आतल्या पातळ पडद्यावर रोग्याच्या फोडातला थेंब सोडत आणि भोक मेणानं बुजवत. मग तीन दिवस थांबायचं. देवीचा विषाणू असेल तर पडद्यावर ठळक पांढरे ठिपके उठत. ओठावरच्या फोडाचा असेल तर अगदी बारके. आणि कांजण्यांचा असेल तर काहीच उगवत नसे. देवीच्या मोहिमेचे ते दिवस होते. एखाद्या खेड्यात पुरळ उठलं की ते देवी की कांजण्या, यावर अख्ख्या गावाची धावपळ ठरायची. यमूताई पडदा पाण्यात पसरून काळ्या कागदावर धरायच्या, बराच वेळ पाहायच्या आणि म्हणायच्या, "काही नाही. कांजण्या आहेत. सांगा त्यायले, झोपा म्हणा." काही नाही हे सांगताना त्यांचा चेहरा इतका खुलायचा की नवीन माणसाला वाटावं, यांना काहीतरी सापडलं आहे.

शिकवायच्या मात्र झकास. वर्गात उंच आवाज नाही, फळ्यावर चित्रं नाहीत. एकदा कुणीतरी विचारलं, मॅडम, ओठावर फोड येणाऱ्या माणसाच्या रक्तात त्या विषाणूविरुद्ध भरपूर प्रतिपिंडं असतात, मग फोड परत परत का येतो? यमूताईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "या बाई महालात राहतात. तिथल्या वाड्यांना आतून दारं आहेत. एका घरातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या घरात जाता येतं, रस्त्यावर पाय न टाकता. प्रतिपिंडं म्हणजे रस्त्यावर उभे असलेले पोलीस. हा विषाणू रस्त्यावर येतच नाही. पेशीतून पेशीत आतल्या दारानं जातो." मग म्हणाल्या, "आणि एखादा पोलीस दारापर्यंत पोचलाच, तर त्यालाही उपाय आहे. प्रतिपिंडाचे हात शत्रूला धरायला असतात आणि शेपूट मदतीला हाक मारायला. हा आपल्या घराच्या भिंतीवर असा आकडा लावतो की शेपूटच अडकून बसतं. हाक कोण मारणार?" पोरं हसली. तो आकडा कसा काम करतो यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत व्हायचं होतं, तेही त्यांनी सांगितलं.

पण त्यांना सगळ्यात जास्त नवल वाटायचं ते त्याच्या दडण्याचं. ओठातून तो मज्जातंतूत शिरतो, त्याच्या धाग्यानं वर चढतो आणि कवटीच्या आत कानाजवळच्या एका गाठीत जाऊन बसतो. तिथं तो काही करतच नाही. वाढत नाही, पेशीला मारत नाही, स्वतःचं काही बनवून भिंतीवर टांगत नाही. पहारेकऱ्याला ओळखायला खूणच नसते. ऊन लागलं, ताप आला, मनाला काही लागलं की खाली उतरतो. "ज्या घरात राहायचं त्याले त्रास द्यायचा नाही, आवाज करायचा नाही," असं त्या एकदा मला म्हणाल्या. "मले तर तो कधी कधी माझ्यासारखाच वाटते." मी विषय बदलला होता.

हा विषाणू त्यांच्या स्वतःच्या अंगात होता. उन्हाळा आला की त्यांच्या खालच्या ओठावर फोड यायचाच. त्यांच्या सोवळ्याचं मूळ ते. अर्थात मोठ्या माणसांत निम्म्यांहून जास्त लोकांच्या अंगात तो असतो आणि कुणी त्याची पर्वा करत नाही. आपल्याकडे ताप मुतला म्हणतात आणि तूप लावतात. पण यमूताई नोकरीला नवीन असताना बाळंतिणींच्या वॉर्डातून त्यांच्याकडे एका तान्ह्या पोराच्या फोडातलं पाणी आलं होतं. अंड्याच्या पडद्यावर बारके ठिपके उठले. यमूताई वॉर्डात गेल्या. पोराची मावशी खाटेशी बसली होती, तिच्या ओठावर वाळत आलेला फोड. पहिलं भाचरू म्हणून तिनं त्याचे पटापट मुके घेतले होते. तान्ह्या पोराचा पहारा अजून उभाच राहिलेला नसतो, विषाणू सरळ यकृतात आणि मेंदूत जातो. आठवड्याभरात ते गेलं. औषध नव्हतंच तेव्हा. यमूताईंनी त्या मावशीला काही सांगितलं नाही. "काय सांगणार होते? जगू दिलं तिले," इतकंच म्हणाल्या.

आमच्या विभागप्रमुखांची गंमतही सांगून टाकते. त्यांना एकदा कमरेला नागीण झाली. ते परदेशात शिकून आलेले, अंधश्रद्धेवर भाषणं देणारे. चार दिवस रजेवर गेले आणि परत आले तेव्हा यमूताईंना त्यांच्या पांढऱ्या शर्टाला पाठीमागून गेरूचा डाग दिसला. दुसरं कुणी असतं तर गावभर केलं असतं. यमूताई त्यांच्या खोलीत गेल्या, दार लोटून घेतलं आणि म्हणाल्या, "सर, पाठीला लाल लागलं आहे. कोट घाला. व्याख्यान आहे तुमचं." मला हे त्यांनी नाही, खुद्द सरांनी निवृत्त होताना सांगितलं. लोकांची अब्रू झाकायची बाईंना इतकी समज होती. म्हणूनच रामटेकला जे झालं त्याचं मला अजून नवल वाटतं.

यमूताईंना एकच भाऊ, धाकटा, दिवाकर. बाप लवकर गेल्यामुळे त्याचं शिक्षण यमूताईंनीच केलं होतं. त्याची बायको मंदा. तिची दोन बाळंतपणं दिवस भरायच्या आधीच वाया गेली होती. तिसऱ्या खेपेला मुलगी झाली, पूर्ण दिवसांची, धडधाकट. त्या बातमीनं यमूताई अशा हरखल्या की त्या दिवशी वर्गात चुकीचं व्याख्यान देऊन आल्या. बारशाला आत्या म्हणून नाव त्यांनी ठेवायचं होतं. पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि या मुलीला सख्खी आत्या एकच. नाव त्यांनी ठरवलं होतं. मी खूप खोदून विचारलं, पण सांगितलं नाही. "आधी तिच्या कानात," म्हणाल्या.

मला सोबत नेलं. "एकटी गेले की बाया माझ्या लग्नाचं विचारतात. तू असली म्हणजे तुझ्या पोराबाळांचं विचारतील." वैशाखाचे दिवस, बसमध्ये भट्टी पेटलेली. यमूताई सारख्या बोलत होत्या. मनसरच्या आसपास एकदम गप्प झाल्या. जिभेनं खालचा ओठ चाचपत होत्या.

"काय झालं?"

"मुंग्या येऊन राहिल्या."

मी पाहिलं. ओठावर काही नव्हतं. तसं म्हटलंही.

"दिसायच्या आधीच तो उतरलेला असते वं," त्या म्हणाल्या, आणि पदर ओठांवर धरून बसल्या.

माजघरात पाळणा सजवला होता. घुगऱ्यांची परात भरलेली, बाया दाटीवाटीनं बसलेल्या, पाळणा म्हणणं सुरू होतं. यमूताई तोंडाला पदर लावून दारातच उभ्या राहिल्या. त्यांची आई, म्हातारी पण खणखणीत आवाजाची, पाळण्यापाशी बसली होती.

"ये ना वं यमू. वेळ चालली. सांग लेकराच्या कानात."

"आई, काकूंच्या सुमनले सांगू दे. मी इथूनच पाहते."

"काहून?"

"ओठाले ताप मुतून राहिला मले."

"मंग का झालं? सगळ्यायलेच मुतते तो. पदर धर आन सांग."

बाया हसल्या. मागून कुणीतरी पुटपुटलं, "स्वतःले लेकरू नाही ना, जीव जळते." ते यमूताईंनी ऐकलं. मीही ऐकलं. पण त्यानं त्या बिथरल्या नाहीत. मंदानं मान वर केली आणि अगदी प्रेमानं म्हणाली, "ताई, या ना. आम्ही तुमच्यासाठीच थांबलो." त्यानं त्या हलल्या. बाकी जगानं काहीही समजो, मंदाला खरं कारण कळलंच पाहिजे असं त्यांना वाटलं असावं. त्या शिकवल्यासारख्या, शांतपणे, नीट सांगू लागल्या.

"मंदा, मोठ्या माणसाले यानं काही होत नाही. पण इतक्या लहान लेकराच्या तो डोक्यात जाते. मी पाहिलं आहे. त्या पोराच्या मावशीनं नुसती पापी घेतली होती. आठ दिवसांत लेकरू मेलं."

पाळणा म्हणणं थांबलं. बारशाच्या दिवशी, पाळण्यासमोर, ज्या बाईची दोन लेकरं आधीच गेली तिच्या तोंडावर, ज्या आत्याच्या तोंडून नाव निघायचं तिच्या तोंडून तो शब्द निघाला होता. मंदानं मुलीला पाळण्यातून उचलून छातीशी धरलं आणि पाठ फिरवली. म्हातारीनं दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या मागवल्या. दिवाकर ओसरीवरून आत आला होता, त्यानंही ऐकलं होतं.

"ताई, बाहेर चल," तो म्हणाला.

आम्ही मागच्या अंगणात जेवलो. आत चुलत आत्यानं, सुमननं, मुलीचं नाव वैशाली ठेवलं. दिवाकर आम्हाला बसस्टँडवर सोडायला आला. बस सुटताना फक्त म्हणाला, "तुले शिकलेली म्हणून मानत होतो आम्ही." यमूताई म्हणाल्या, "मी चुकीचं बोलले नाही, दिवाकर." तो म्हणाला, "ते मले समजते. पण तू बोललीच काहून?"

दोन दिवसांनी फोड आला, वाटाण्याएवढा. मी म्हटलं, हा तरी त्यांना दाखवून या. यमूताई म्हणाल्या, "काय दाखवू? लेकरू चांगलं आहे. ते चांगलं आहे तेच बरं." बाईंची पंचाईत मला तेव्हा पुरती कळली. लेकरू आजारी पडलं असतं तर त्यांचं खरं ठरलं असतं. ते हसत खेळत वाढलं, म्हणून त्या खोट्या ठरल्या, अभद्र ठरल्या. टळलेल्या गोष्टीचा दाखला कोण देणार? अंड्यात काही उगवलं नाही की गाव त्यांच्यावर विश्वास ठेवायचं. घरात काही उगवलं नाही, तर घरानं दार लावून घेतलं.

पुढची वर्षं मी जवळून पाहिली. दिवाळी आली की यमूताई सदरच्या दुकानातून झबलं, मग फ्रॉक, मग मोठा फ्रॉक घेत आणि रामटेकच्या कुणा विद्यार्थ्याबरोबर पाठवत. परत निरोप यायचा, "मिळाला." भाऊबीजेला त्या विभागात येऊन बसत. अंड्यांना सुट्टी नसते म्हणत. आई गेली तेव्हा त्या गेल्या आणि संध्याकाळच्या बसनं परत आल्या. भाची कशी दिसते ते त्यांनी त्या दिवशी पाहिलं, इतर पोरांच्या घोळक्यात, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला. "उंच होईल," मला सांगितलं. रविवारी मी कधी अचानक गेले तर आतून बोलण्याचा आवाज यायचा. आत कुणी नसायचं. त्यांचं नवव्या दिवसाचं बोलणं मला तेव्हा आठवलं आणि फार वाईट वाटलं. त्या एकटेपणाचा मी एकेकाळी हेवा केला होता.

वैशाली सातआठ वर्षांची असेल. फाल्गुनातल्या एका दुपारी दिवाकर विभागाच्या दारात येऊन उभा राहिला. मी त्याला ओळखलंच नाही, केस पिकले होते. यमूताई अंडी तपासत होत्या. त्यानं आत यायच्या आधी चपला काढल्या.

"ताई, पोट्टीले माता आली."

"देवी?" यमूताईंचा हात थांबला.

"नाही. कांजण्या म्हणते डॉक्टर. पण मंदाले दिवस आहेत. पाचवा चालू आहे. तिले लहानपणी आल्या नव्हत्या. डॉक्टर म्हणते पोट्टीपाशी जो जाईल त्यानं मंदाजवळ जायचं नाही. मंदाले माहेरी ठेवलं. घरी कोणी नाही." मग खाली पाहून म्हणाला, "तुले तर येऊन गेल्या लहानपणी."

त्यांनी दिवा मालवला, हात धुतले आणि त्याच साडीनिशी त्याच्याबरोबर निघाल्या. रजेचा अर्ज मी दिला.

आठवड्यानं मी संत्री घेऊन रामटेकला गेले. दाराला कडुलिंबाचे डहाळे, घरात फोडणीचा वास नाही, बाहेरच्याला आत मज्जाव. यमूताईंनी मला ओसरीवरूनच बोलायला लावलं. आतलं मला खिडकीतून दिसत होतं. वैशाली त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती आणि त्या कडुलिंबाच्या पाल्यानं तिचं अंग हलकेच खाजवत होत्या. मी त्यांना कुणाही लेकराला हात लावताना पहिल्यांदा पाहत होते. सगळ्यांना मनाई असलेल्या त्या खोलीत एकट्या त्यांनाच मोकळीक होती. पोरगी आता तान्ही नव्हती, तिला त्यांच्या ओठाचा तो धोका उरला नव्हता. तरी तोंड त्या थोडं बाजूलाच ठेवत.

"आत्या, हे गेलं की परत नाही येणार ना?" वैशालीनं विचारलं.

"अंगावरून जाईल. आत झोपून राहील, पाठीच्या कण्यापाशी."

"तुह्यातबी झोपलं आहे?"

"आहे ना. माझ्यात तर दोन झोपले आहेत. एक हे आणि एक ओठाचं."

पोरीनं मांडीवरून वर पाहिलं. "मंग तू एकटी नाही राहत," ती म्हणाली. यमूताई मोठ्यानं हसल्या. त्यांना तसं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

ओसरीवर येऊन मात्र त्यांनी मला हळूच सांगितलं, "पुरळ दिसायच्या आधी दोन दिवस मंदा पोट्टीजवळ झोपत होती. तेव्हाच लागायचं ते लागलं असेल. अजून दोनेक आठवडे काही सांगता येत नाही." मी विचारलं, दिवाकरला सांगितलं का. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आता नाही सांगणार वं. माझ्या तोंडून तर नाहीच." ते दोन आठवडे त्यांनी ती भीती एकटीनं सोसली. मंदाला काही झालं नाही. आणि या खेपेलाही, काही झालं नाही म्हणून, त्यांनी काय सोसलं हे त्या घराला कळलं नाही.

पण दिवाकर बदलला होता. यमूताई परत निघाल्या तेव्हा त्यानं स्वतः पिशवी उचलली. "ताई, या खेपेले बारशाले तूच नाव ठेवशील. मी घ्यायले येतो. तयार राहा." हे यमूताईंनी मला इतक्यांदा सांगितलं की मला पाठ झालं.

आषाढात मंदाला मुलगा झाला. त्याच सुमारास यमूताईंची औरंगाबादला बदली झाली. बारसं रविवारी आणि त्यांना निघायचं पुढच्या आठवड्यात. मी त्या आठवड्यात माहेरी जाणार होते, म्हणून रविवारी दुपारी शिरा करून सदरला गेले. मला वाटलं होतं, त्या रामटेकला गेलेल्या असतील आणि डबा बंगल्याच्या मालकिणीपाशी ठेवावा लागेल. पण दार उघडं होतं.

खोल्यांत सामान बांधलेलं होतं. यमूताई दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या होत्या. अंगावर मी कधी न पाहिलेली जरीकाठाची साडी. पायाशी पिशवी, तिच्यातून बाळाच्या टोपड्याची लेस दिसत होती. बारशाची वेळ केव्हाच टळून गेली होती.

"धानाची रोवणी चालू आहे ना," मी काही विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या. "चिखलात माणसं उभी असताना दिवाकर कसा निघेल?"

रोवणी खरीच चालू होती. पण दिवाकर निघाला नाही तो मंदामुळे. आमच्या एका रामटेकच्या विद्यार्थिनीनं मला पुढे सांगितलं. मंदा म्हणाली होती, ताईंचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही, पण पाळण्यापाशी नको. आणि ती रडायला लागली. मला मंदाचा राग येतो, आणि तिची दोन लेकरं आठवली की येत नाही. दिवाकरचा मात्र येतो. निदान निरोप तरी पाठवायचा.

मी शिरा वाढला. त्यांनी दोन घास खाल्ले. मला त्या साडीकडे पाहवत नव्हतं, म्हणून मी उगाच म्हटलं, "आणि आज तर ओठही अगदी साफ आहे. मुंग्या नाहीत, काही नाही. त्यांनी बोलवायला काय हरकत होती?"

त्यांनी वाटी खाली ठेवली.

"साफ असला तरी कधी कधी तो लाळेत असते, नलिनी. फोड नाही, मुंग्या नाहीत, तरी असते. आपल्यालेही कळत नाही." त्यांनी पिशवीतलं टोपडं आत सारलं. "हे सगळं मले ठाऊक आहे. सकाळपासून मी स्वतःले तेच सांगून राहिले. पण आज दिवाकर आला असता ना, तर मी लेकराले उचललंच असतं. पापीही घेतली असती. माझ्याच्यानं राहवलं नसतं." मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "तो आला नाही तेच बरं झालं."

मी निघाले तेव्हा ऊन उतरत होतं. फाटकापाशी वळून पाहिलं. यमूताई अजून त्याच खुर्चीवर होत्या, आणि दार त्यांनी उघडंच ठेवलं होतं.